खुराड्यावरचं विमान

आमचा भाडेकरू ताटातली चपाती उचलायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचा. डॉक्टर छातीचा फोटो बघतात तशी. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय शोधून राहिले?"

"कच्ची जागा," तो म्हणाला.

सापडली की ती बोटानं मला दाखवायचा आणि मग तीच चपाती खायचा. टाकायचा नाही. लातुरात क्लासच्या पोरांची खानावळ चालवता चालवता माझे केस पिकले. पोरं आईच्या आठवणीनं रडली, भाजीत मीठ जास्त म्हणाली, वरणात पाणी जास्त म्हणाली. पण चपातीची अशी तपासणी कुणी केली नव्हती.

आपल्याला तो हक्क आहे असं त्याचं म्हणणं. तो हवाई दलात होता. लोकांना हवाई दल एवढंच ऐकू यायचं, की उठून खुर्ची द्यायचे. हा बसायच्या आधी सांगायचा, "विमानात न्हाई, लंगरात. मी बावर्ची होतो. विमान मी खालूनच बघितलं, कणीक मळता मळता." खुर्ची देणाऱ्याचं तोंड उतरायचं. मी एकदा म्हटलं, "बसल्यावर सांगत जा की."

"मग ती खुर्ची नकली झाली ना, मालकीणबाई."

अस्सल आणि नकली, या दोन शब्दांवर त्याची सगळी जिंदगी चालायची. तूप अस्सल का, गूळ अस्सल का, पाहुण्याचं हसू अस्सल का. बाजारात भाजीवालीला म्हणायचा, "वांगी लई देखणी हायत." ती खूश व्हायची. मग शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "ह्या ढिगातली घेऊ नका, किडकी हायत." भाजीवाल्या त्याला लांबून येताना बघितलं की पोतं झाकायच्या.

बोलायचं कुठे आणि गप्प बसायचं कुठे, हे त्याला कळत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. वडीलधारा माणूस म्हणून याला बोलावलं. पोहे आले. मुलीची आई म्हणाली, सगळं पोरीनंच केलंय. यानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "हे आमच्या मालकीणबाईच्या हातचे हायत. मोहरी करपवायची सवय हाय त्यांची." मग नवऱ्या मुलाचा बाप हसायला लागला आणि लग्न जमलं. पोरगी सुखात आहे. माहेरी आली की पोहे अजून माझ्याकडूनच मागवते. मोहरी करपवायची सवय मला नाही, हेही इथे सांगून ठेवते.

तो रेणापूरकडचा. बौद्ध घरातला, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पेन्शन घेऊन लातुरात आला आणि माझी पुढची खोली भाड्यानं घेतली. खोलीत एक खाट, एक ट्रंक, बुद्धाची एक छोटी मूर्ती. मूर्तीपुढे बसायचा, पण हात जोडून काही मागायचा नाही. "मागायचं असतं तर तुमच्याकडं चपातीवर तूप मागितलं असतं," म्हणायचा.

विमानाचं खूळ त्याच्या डोक्यात पुण्याच्या पुतण्यामुळे शिरलं. पुतण्या एकदा भेटायला आला आणि त्यानं मोबाइलवर काहीतरी दाखवलं. परदेशात म्हणे महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांची चित्रं छापतात आणि चित्राच्या खाली, काचेच्या आत, त्याच विमानाच्या पत्र्याचा खरा तुकडा बसवतात. लोक हौसेनं घेतात, भिंतीवर लावतात, जपून ठेवतात. यानं मोबाइल उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाला, "आपल्याकडं हाय की असा पत्रा. कोंबड्यांवर."

ती गोष्ट अशी. तो तरुण असताना युद्धातली जुनी विमानं मोडीत निघत होती. त्याच्या तळावरच्या एका पंजाबी फिटरला याच्या हातचा गाजराचा हलवा फार आवडायचा. जाता जाता तो म्हणाला, माग काय मागायचं ते. यानं काय मागावं? ट्रंकेवर झाकायला पत्रा. फिटरनं विमानाच्या पंखाचा, परातीहून मोठा पत्रा काढून दिला. तो घेऊन हा आगगाडीनं आणि पुढे एसटीच्या टपावर टाकून गावी आला. आईनं पत्रा बघितला आणि उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. तिथे तो राहिला.

तर हा दुसऱ्या दिवशी रेणापूरला गेला. घरी थोरला भाऊ एकटाच होता. भावजय नांदेडला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. भावाला ऐकायला कमी. यानं खुराड्याकडे बोट केलं, भावानं मान हलवली. पत्रा काढून हा संध्याकाळच्या एसटीनं लातुरात हजर. खुराड्यावर दुसरं काही झाकावं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. चार दिवसांनी मुंगूस आलं आणि सगळ्या कोंबड्या खाऊन गेलं. नांदेडहून परत आलेल्या भावजयीनं उघडं खुराडं आणि पिसं बघितली आणि दिराशी बोलणं टाकलं. पुढे कित्येक वर्षं टाकलं. या अबोल्यानंच पुढचा सगळा गोंधळ झाला, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

पत्रा मी हातात घेतला आणि म्हटलं, "हे तर जर्मनचं हाय. माझ्या पातेल्यासारखं."

तो चिडला. "जर्मनाशी लढायला बनवलेल्या विमानाला तुम्ही जर्मनचं म्हणता?"

आमच्याकडे अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचंच म्हणतात. त्याला मी काय करणार?

पत्र्याला ओळीनं भोकं होती, रिबिटांची. आणि एका कडेला खरवडलेल्या लाल रंगाचे ठिपके. तो बोटानं दाखवायचा, "हे बघा. विमानावर लाल खूण असायची, लांबून ओळखू यावं म्हणून." हे त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. बावर्ची माणूस, पण सांगताना त्याचा आवाज असा व्हायचा की मीही मान हलवायची.

चित्र काढायला पाटीवाल्या पेंटरला सांगितलं. हा पेंटर ट्रॅक्टरमागे गुलाब काढायचा आणि निवडणुकीत उमेदवारांची तोंडं रंगवायचा. त्यानं विमान झोकात काढलं. चार पंखे, ढग, सगळं. पण वैमानिकाला मिशा दिल्या आणि तोंड आमच्या वॉर्डातल्या पडलेल्या उमेदवारासारखं झालं. खाली मोकळी जागा राहिली, म्हणून डाळमिलची धुराडी काढली.

हा म्हणाला, "अरे, हे तर लातूरवर बॉम्ब टाकून राहिलं."

पेंटर म्हणाला, "खाली काहीतरी पाहिजे की, काका. हवेत हवेत किती दाखवायचं?"

धुराडी पुसायला लावली. एक तेवढं ठेवा म्हणून मी सांगितलं. आमचे मालक त्याच मिलमध्ये कामाला होते. ते राहिलं. अजून आहे.

मग त्या चित्राच्या जाड कागदावर प्रती छापून आणल्या. हा माझ्या अंगणात बसून कात्रीनं पत्रा कापायचा, सुपारीएवढे तुकडे. आवाज असा की दातांना कळ यायची. चित्राच्या खाली कागदाला चौकोनी खिडकी, खिडकीत तुकडा, वर काच, भोवती फ्रेम. आणि तुकड्याखाली त्याच्या स्वतःच्या हातची ओळ: 'युद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचा खरा तुकडा. खोटा निघाल्यास मी परत घेईन.'

मी म्हटलं, "दुसरं वाक्य कशाला? कोण विचारतंय?"

"कुणी विचारायच्या आधी सांगावं लागतं."

पहिलं चित्र मला दिलं. दुसरं शेजारच्या गल्लीतल्या फिजिक्सच्या क्लासच्या सरांनी घेतलं. पोरांना विमान कसं उडतं ते शिकवताना दाखवायला बरं, म्हणाले. त्याच वर्षी त्यांचा एक ढ समजला गेलेला विद्यार्थी डॉक्टरकीला लागला. तो म्हणे परीक्षेला जाताना त्या काचेवर बोट ठेवून गेला होता. झालं. पुढच्या वर्षी पोरांची रांग. काचेवर बोटांचा इतका थर की आतलं दिसेना.

हा तिथे जाऊन ओरडून आला. "पोरांनो, हे बॉम्ब टाकायचं विमान हाय. ह्यानं आजवर कुणाचं भलं केलेलं न्हाई." पोरं शांतपणे ऐकून घेत आणि मग बोट लावून जात.

लातुरात एखादी गोष्ट क्लासवाल्यांनी धरली की मग ती सुटत नाही. आईबाप यायला लागले. "काका, विमानाचा तुकडा पाहिजे, यंदा पोरगी बारावीला हाय." हा त्यांना समोर बसवून तासभर झापायचा आणि मग तुकडा अस्सल आहे हेही सांगायचा. ते शेवटचं तेवढंच ऐकायचे. नाही म्हटलं तरी बरीच चित्रं गेली. खंडेनवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा करतात. आमच्या गल्लीतल्या किराणावालीनं त्या दिवशी तराजूशेजारी विमानाचं चित्र ठेवलं आणि काचेवर हळदकुंकू वाहिलं. यानं ते बघितलं.

"बाई, मी बुद्धापुढं काही मागत न्हाई आन तुम्ही पत्र्यापुढं मागता?"

"मागितलं कुठं? नुसतं कुंकू लावलं," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय? तुम्ही तर म्हणता ना, खरं हाय म्हणून?"

त्या दिवशी यानं चपाती उजेडाला धरली नाही.

नाक मुरडणारा एकच माणूस होता. समोरच्या घरातला म्हातारा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. तो ओट्यावर बसून म्हणायचा, "पत्रा तो पत्रा. चालवणारा कोण होता ते सांगा."

अशी काही वर्षं गेली. याचा भाऊ वारला. भावजयीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मुलगा पुण्याला, लेक नांदेडला, आणि डोळ्यांचा डॉक्टर लातुरात. तेव्हा ती आली. यानं आपली खोली तिला दिली आणि स्वतः माझ्या ओसरीवर खाट टाकली. अबोला मात्र चालूच. तिघंही एकाच स्वयंपाकघरात बसलेली, पण ती बोलणार माझ्याशी.

"बाई, त्यांना सांगा, मला डॉक्टरकडं सकाळी जायचंय."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर. "मालकीणबाई, वैनीला सांगा, रिक्षा सांगितली हाय."

मी कंटाळून म्हटलं, "मी काय टेलिफोन हाय?"

दोघंही म्हणाली, "तुम्ही मधी पडू नका."

ती येताना आपलं उलथनं घेऊन आली होती. दुसऱ्याच्या उलथन्यानं भाकर तुटते, असं तिचं ठाम मत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चुलीजवळ बसू नको म्हटलं, तेव्हा ते उलथनं तिनं माझ्या हातात दिलं. "ह्याच्यानंच उलथा." पातळ, कडा झिजलेलं, मूठ लाकडाची. हलकं इतकं की हातात आहे की नाही कळू नये. खरंच चांगलं होतं ते, खोटं कशाला बोलू.

डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवसाची गोष्ट. मी भाकरी करत होते. ती पाटावर बसून कितीतरी दिवसांनी सगळं नीट बघत होती. डबे, चूल, माझ्या तोंडावरच्या सुरकुत्या. त्याही मोजल्या असतील. मग नजर भिंतीवर गेली.

"बाई, त्यांना इचारा, हे काय टांगलंय?"

तो म्हणाला, "मालकीणबाई, वैनीला सांगा, विमान हाय. खाली त्याचा खरा पत्रा."

"कुठला पत्रा म्हणावं?"

"खुराड्यावरचा, म्हणावं."

ती उठली. चित्राजवळ गेली, काचेला नाक लावून बघितलं. मग वळली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघून बोलली.

"भावजी, हा तर एसटीचा पत्रा हाय."

"काय?"

"माझा भाऊ भंगारात निघालेल्या गाड्या मोडायचा. खुराड्यावर घालायला त्यानंच हा आणून दिलता. हे लाल दिसत न्हाई का? एसटीचाच रंग हाय की."

त्यानं काच सदऱ्यानं पुसून पुन्हा बघितली. मी भाकर तव्यावर टाकली आणि बघत राहिले. 

"आन माझा पत्रा?"

"तो थोरल्या लेकीच्या लग्नात मोडीत घातला. मोड दिली की भांडं सवलतीत मिळतं. एवढा मोठा पत्रा, पर काट्यावर वजनच भरंना. दुकानदार म्हणला, असला फुकाचा पत्रा कुठनं आणला? एक पातेलं आलं त्याच्यात, तेबी लहान."

हवेत उडायचा पत्रा होता तो. जड कसा असणार? पण हे आता बोलून काय उपयोग?

त्याचा आवाज खाली गेला. "सगळा दिला?"

"कोपरा दुमडला होता. तेवढा दुकानदारानं घेतला न्हाई. मग टिनवाल्याकडनं कापून घेतला."

"कुठंय तो?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "तो काय. बाईंच्या हातात."

मी उलथन्याकडे बघितलं. तोही बघत होता. मूठभर लाकूड आणि पुढे झिजलेला चपटा पत्रा. जर्मनाशी लढायला निघालेलं विमान, आणि वैनी त्यानं इतकी वर्षं भाकरी उलथत आली होती. तव्यावरची भाकर तेवढ्यात करपली. तिला त्याचंच वाईट वाटलं.

तो रात्री जेवला नाही. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून सायकलवर निघाला. मी विचारलं, कुठे?

"खोटा निघाल्यास परत घेईन, असं मी लिहून दिलंय."

"अहो, कुणाला कळलंय?"

"मला."

दुपारी आला तो रिकाम्या हातांनी. एकही चित्र परत मिळालं नव्हतं. क्लासच्या सरांनी त्याला आधी पाणी दिलं, म्हणजे त्यांना किती दया आली असेल बघा. मग म्हणाले, "काका, तुकडा एसटीचा असेल. पण पोरांचे निकाल तर खरे लागलेत ना? ते कसे परत घेणार तुम्ही?" एका घरात पोरगी नुकतीच मेडिकलला लागली होती. तिथे त्यांनी दारच लावून घेतलं, हा चित्र उचलून पळेल म्हणून. किराणावाली म्हणाली, "एसटी तर आणखी चांगली. ती पोचवती तरी. विमान कुणी बघितलंय?" आणि तिनं त्याच्यासमोर काच पुसून पुन्हा कुंकू लावलं.

एकच माणूस खूश झाला. समोरचा ड्रायव्हर. हे ऐकल्यावर तो ओट्यावरून उठून रस्ता ओलांडून आला. आधी कधी आला नव्हता.

"एसटीचा हाय? बघू."

उरलेला पत्रा हातात घेऊन उलटसुलट बघितला, रिबिटांच्या भोकांवरून बोट फिरवलं. "हाव. छताकडचा हाय हा. मला एक तुकडा पाहिजे. विमान नको, गाडी काढा वर."

पेंटरनं लाल गाडी काढली. ड्रायव्हर म्हणून पुन्हा तोच पडलेला उमेदवार, मिशांसकट. आमच्या ड्रायव्हरनं ते चित्र दारासमोर लावलं आणि वर्षानुवर्षांची सगळी टिंगल बंद केली. खरं लिहिलेलं असलेलं ते एकमेव चित्र होतं तेव्हा. पण एका चित्रानं याचं काय होणार? घरोघरी त्याच्या हातचं खोटं वाक्य टांगलेलं. रस्त्यानं जाताना खिडक्यांकडे बघायचा नाही. ओळखीच्यानं नमस्कार केला तर तोंड दुसरीकडे. चार माणसांत बसायचं टाकलं. कच्च्या चपातीला नावं ठेवायची बंद केली, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

एके सकाळी मला म्हणाला, "परत देत न्हाईत तर आत खरा घालतो. उलथन्यात निघतील सगळ्यांपुरते तुकडे. लहान लहान."

वैनीला विचारलं. ती म्हणाली, "देते. आधी माझ्या कोंबड्यांचं बोला."

"काय बोलू?"

"चुकलो म्हणा."

"मुंगसानं खाल्ल्या. मी खाल्ल्या न्हाईत. जे केलं न्हाई त्याला चुकलो कसं म्हणू?"

मी डोक्याला हात लावला. लोक तोंडानं चुकलो म्हणतात आणि पुढे चालू लागतात. त्यात काय आहे? मी त्याला अंगणात नेऊन सांगितलं, "एक शब्द म्हणा आणि मोकळे व्हा."

"नकली शब्द देऊन अस्सल पत्रा घेऊ? मग त्या पत्र्याचं काय राहिलं?"

दोघंही हटेनात. वैनी एकेक भाकर त्याच्यासमोर त्याच उलथन्यानं उलथवून दाखवायची, मुद्दाम. आता डोळेही चांगले झाले होते, नेम चुकत नव्हता. तो बघून उठून जायचा. डॉक्टरांनी शेवटचं तपासलं, आणि ती गावी जायला निघाली.

लातूरच्या स्टँडवर रेणापूरची गाडी लागली होती. पिशवी मी उचलून दिली. ती खिडकीजवळ बसली, उलथनं मांडीवरच्या पिशवीत, मूठ बाहेर डोकावणारी. हा खाली उभा. गाडीवाल्यानं इंजिन सुरू केलं. हा खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि तो पत्राही लालच होता.

"वैनी," तो म्हणाला.

तिनं सरळ समोर बघितलं.

"कोंबड्या मुंगसानं खाल्ल्या. पर त्यास्नी उघडं मी टाकलं. पत्रा काढला आन वर काय घालावं याचा इचार केला न्हाई. हे माझ्याकडनं झालं. हे खरं हाय."

गाडी हलायला लागली. वैनीनं मान वळवली. "एवढं बोलायला इतकी वर्षं?"

"आधी मुंगसाचंच डोक्यात होतं."

तिनं उलथनं पिशवीतून काढून खिडकीतून त्याच्या हातात दिलं. गाडी पुढे सरकली, ती मागे वळून ओरडली, "सगळं कापू नका. अर्धं ठेवा, अर्ध्यानंबी भाकर उलथती. आन उरलेला पत्रा आणून द्या, माझं खुराडं अजून उघडं हाय."

त्यानं तो एसटीचा उरलेला पत्रा नेऊन दिला, स्वतः खुराड्यावर ठोकला, वर दगड ठेवला. मग महिनाभर सायकलवर घरोघरी फिरला. लोक फ्रेम उघडू देत नव्हते. शेवटी तडजोड झाली: जुना तुकडा राहील, शेजारी नवा बसेल. म्हणून आज लातुरात कितीतरी घरांत एका विमानाखाली दोन तुकडे आहेत आणि लिहिलंय, 'एक एसटीचा, एक विमानाचा. दोन्ही खरे.' क्लासची पोरं आता दोन बोटं लावतात.

माझ्याकडेही आला, पेचकस आणि तुकडा घेऊन. मी म्हटलं, "माझ्यात घालू नका."

"का? तुमचा खोटा राहील की."

"मी विमानात कधी बसले न्हाई, बसणारबी न्हाई. इस्लापूरहून लगीन होऊन आले ती एसटीनं. उलटी होत होती वाटभर. माझा एसटीचाच राहू द्या."

त्यानं विचार केला. मग फ्रेम उघडली, 'युद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचा' एवढं खोडलं आणि वर लिहिलं, 'एसटीचा'. खोडलेलं तसंच ठेवलं, कारण पांढऱ्या रंगानं लपवणं म्हणजे पुन्हा नकली.

गेल्या वर्षी तो गेला. वैनी आली. रडायचं ते रडून झाल्यावर तिनं मला पहिली गोष्ट विचारली, "त्यांच्या ट्रंकेत माझ्या उलथन्याचा काही भाग उरलाय का?" होता. चिंधीत बांधून ठेवलेला. ती घेऊन गेली. अर्ध्या उलथन्यानं भाकरी तुटतात असं तिचं आता म्हणणं आहे.

चित्र खानावळीतच आहे. दर जूनला नवी पोरं येतात, ताट समोर घेऊन वर बघतात. चार पंख्यांचं विमान, मिशीवाला वैमानिक, एक धुराडं, आणि खाली: 'एसटीचा खरा तुकडा. खोटा निघाल्यास मी परत घेईन.' हसू दाबत एखादं विचारतं, "मावशी, ह्यात काहीतरी चुकलंय का?"

मी सांगते, "न्हाई. सगळं बरोबर लिहिलंय. चपाती बघ तुझी, कच्ची न्हाई ना?"